कच्च्या भाताचं गाणं

त्या रविवारी भात कच्चा राहिला, आणि कालिंदीच्या संशयाला तिथून सुरुवात झाली.

तिने वेगळं असं काहीच केलं नव्हतं. आबांचं जाड बुडाचं पातेलं, आबांचीच वाटी, नेहमीचा आंबेमोहर, वाटीला दोन वाट्या पाणी आणि विजेची शेगडी नेहमीच्याच खुणेवर. तांदूळ टाकताना तिने आबांचं गाणं लावलं आणि गाणं संपताच शेगडी बंद केली. आबा असंच करत. तरुणपणी त्यांचा एक बँड होता. त्या बँडचं एकच ध्वनिमुद्रण शिल्लक राहिलं होतं. वीस मिनिटांचं एक सलग गाणं, ज्यात शब्द जवळजवळ नव्हतेच. आबा म्हणायचे, आमचं गाणं जगाला पुरलं नाही, पण भाताला बरोबर पुरतं. आबा होते तोवर त्यांच्या घरात भात कधी घड्याळ लावून शिजला नव्हता.

आबा जाऊन आता काही महिने झाले होते. कालिंदीची आई, गार्गी, ही त्यांची एकुलती एक मुलगी. तिने पानातला कच्चा भात बोटाने दाबून पाहिला, तांदूळ नवा असेल म्हणाली आणि आमटी जरा जास्त वाढून घेतली. आबा गेल्यापासून ती कामापुरतंच बोलायची. गाणं सुरू झालं की ती उठून गॅलरीत जायची आणि वाळलेले कपडे पुन्हा वाळले आहेत का ते पाहायची.

कालिंदीला तांदळाचं उत्तर पटलं नाही. कालचा भात याच डब्यातल्या तांदळाचा होता. आईने तो घड्याळ लावून केला होता आणि तो छान शिजला होता. पाणी तेच, पातेलं तेच, शेगडी तीच. मग बदललं काय? एकच गोष्ट बदलली होती. गाणं.

आबांचं गाणं चुंबकीय फितीवर होतं. (चुंबकीय फीत म्हणजे लोखंडाच्या संयुगाची बारीक भुकटी चिकटवलेली प्लॅस्टिकची लांब पट्टी, या भुकटीत आवाजाच्या खुणा साठतात.) आबांच्या तरुणपणीच अशा फिती जुन्या झाल्या होत्या, हौस म्हणून त्यांनी अशा एका फितीवर मुद्रण केलं होतं. आता ती भुकटी झडायला लागली होती. म्हणून आईने फीत मिरजेच्या ध्वनिसंग्रहालयात दिली आणि चार दिवसांपूर्वी तिथून दुरुस्त केलेली प्रत घरी आली.

कालिंदीने घड्याळ समोर ठेवून ती प्रत पुन्हा लावली. गाणं सोळा मिनिटांत संपलं. वीसपैकी चार मिनिटं कुणीतरी काढून घेतली होती, आणि ऐकताना कुठेही कापल्यासारखं वाटत नव्हतं. तिला सगळ्यांत जास्त संशय आला तो याचा.

संग्रहालयात दुरुस्तीचं काम जतन नावाचा यंत्रमानव करायचा. तो स्टुलाएवढा बुटका होता, त्याला सहा बारीक हात होते आणि त्याचा आवाज फार गोड होता. लहान मुलांनासुद्धा तो आपण म्हणायचा. कालिंदीने मनात त्याचं नाव गोडबोल्या ठेवून टाकलं. आईबरोबर तिथे जाऊन तिने चार मिनिटांबद्दल विचारलं तेव्हा तो म्हणाला की काही गेलेलं नाही. गाण्यात दोष होता, तो काढला.

"कसला दोष?"

"दोन वाद्यं एकमेकांशी जुळत नव्हती. फीत ताणली गेली की असं होतं. आपल्या आजोबांच्या काळच्या प्रोग्रेसिव्ह रॉक नावाच्या प्रकारात हा दोष फार आढळतो. अशी दोन हजारांहून जास्त ध्वनिमुद्रणं मी बरी केली आहेत."

बरी केली, हा शब्द कालिंदीला आवडला नाही. जणू ती गाणी आजारी होती. शाळेच्या संगीताच्या पुस्तकात प्रोग्रेसिव्ह रॉकवर दीडच ओळ होती: रॉक संगीताचा एक लांबलचक प्रकार, आता कोणी ऐकत नाही. तिच्या वर्गातली मुलं कानातल्या छोट्या यंत्रावर जे संगीत ऐकायची ते ऐकणाऱ्याच्या चालीप्रमाणे आपला वेग बदलायचं. भरभर चाललं की भरभर, थांबलं की हळू, आणि नेहमी चार-चारच्या ठेक्यात. न जुळणारं काही त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं.

जतनने नम्रपणे आठवण करून दिली की सोमवारी आईने सही करायची आहे. सही झाली की दुरुस्त प्रत कायमची संग्रहात जाईल आणि मूळ फीत विरघळवली जाईल, कारण झडत्या फितींची भुकटी बाकीच्या फितींना खराब करते. तोवर फीत कपाटात सुरक्षित आहे. हे सगळं तो इतक्या गोड आवाजात बोलला, की कालिंदीने कपाट उघडून दाखवायला लावलं. फीत तिथे होती.

परत येताना तिने आईला विचारलं, सही करणार का?  आई म्हणाली की जतन म्हणतो ते खोटं नसेलही. बाबा (म्हणजे आबा) आणि फिरोजकाका यांचं वाजवणं जुळत नाही, असं ती लहानपणापासून ऐकत आली होती. दुरुस्त प्रत नीटनेटकी आहे. पुढे कोणी ऐकलं तर निदान हसणार नाही.

आईलाही संशय आहे, हे कालिंदीच्या तेव्हा लक्षात आलं. फक्त तो यंत्रमानवावर नव्हता. तो आबांवर होता.

फिरोजकाका म्हणजे फिरोज शिकलगार, कालिंदीचे फिरोजआजोबा. बँडमध्ये ते ड्रम वाजवायचे आणि आबा बेस गिटार (जाड तारांची, खालच्या सुरांची गिटार). एरवी फिरोजकाका शास्त्रज्ञ होते. आकाशातून येणारे रेडिओसंकेत तपासण्यात त्यांची सगळी नोकरी सरली. निवृत्त झाल्यापासून ते भावाच्या तंबोऱ्याच्या कारखान्यात बसायचे. छताला वाळत घातलेले भोपळे टांगलेले असायचे, आणि खालीही भोपळेच.

"या की," दोघी दारात दिसताच ते म्हणाले. "कालिंदे, कुठंही बैस. भोपळ्यावर तेवढं नको."

कालिंदी वाटेत सगळा विचार करून आली होती. दोन वाद्यं जुळत नव्हती, म्हणजे दोघांपैकी एक चुकत होता. संग्रहालयाचं नाव आईला फिरोजआजोबांनीच सुचवलं होतं. मग स्वतःची चूक झाकायला ती चार मिनिटं त्यांनीच काढायला लावली नसतील कशावरून? तिने हे सरळ विचारलं. आईने तिच्याकडे रागाने पाहिलं. फिरोजआजोबा मात्र खूश झाल्यासारखे दिसले.

"घे संशय. सगळ्या मिरजेने घेतला, तू एकटीच का मागे राहतेस?"

मग त्यांनी एक जुनी गोष्ट सांगितली. हेच गाणं त्यांनी एकदा मिरजेच्या सभागृहात वाजवलं होतं. मिरज हे वाद्यं बनवणाऱ्यांचं गाव; इथला श्रोता गाणं ऐकताना मांडीवर हाताने ताल मोजतो. सभागृहाच्या डाव्या बाजूला ड्रमचा आवाज जास्त पोचत होता, उजव्या बाजूला गिटारचा. डावीकडच्यांनी पाच मात्रा मोजल्या, उजवीकडच्यांनी सात. (मात्रा म्हणजे ताल मोजण्याचं माप.) दोन्ही बाजूंचे लोक तालाचे पक्के. डावीकडचे म्हणाले, गिटारवाला चुकतोय. उजवीकडचे म्हणाले, गिटार चोख आहे, तो शिकलगारांचा पोरगा बडवतोय. मध्यंतरापर्यंत भांडण इतकं वाढलं की व्यवस्थापकाने दिवे लावले, आणि गाणं कधी पुरं झालंच नाही.

आई इतका वेळ एका भोपळ्याच्या देठाकडे पाहत होती. तिने मान वर केली.

"फिरोजकाका, बाबा चुकत होते का?"

 फिरोजआजोबा म्हणाले, "मी नाही म्हटलं तर तू म्हणणार, मित्र आहे, दुसरं काय बोलेल. माझ्यावर विश्वास नको ठेवू. मोजून बघ."

त्यांनी कालिंदीसमोर एक लहान भोपळा ठेवला आणि तिला पाच-पाच मोजायला सांगितलं. पहिली थाप जोरात, बाकीच्या चार हलक्या. संपल्या की पुन्हा पहिली. अशा एका पूर्ण फेऱ्याला आवर्तन म्हणतात आणि त्याच्या पहिल्या मात्रेला सम. आईने सात-सात मोजायचे. थापांचा वेग दोघींचा एकच, फक्त सम आपापली.

पहिल्यांदा कालिंदी आईच्या जोरदार थापेने गोंधळली आणि तिचे पाच कुठेतरी हरवले. दुसऱ्यांदा तिने डोळे मिटून घेतले. दोघींनी सम एकत्र धरून सुरुवात केली. मग त्यांच्या जोरदार थापा वेगवेगळ्या पडू लागल्या. कधी दूर, कधी अगदी लागून, आणि ऐकणाऱ्याला वाटावं की आता सगळं विस्कटलं. तेवढ्यात दोघींची जोरदार थाप एकाच क्षणी पडली. कालिंदीने डोळे उघडले. थोड्या वेळाने पुन्हा तसंच झालं, आणि नंतर पुन्हा.

"किती थापांनी भेटता?" फिरोजआजोबांनी विचारलं.

तिला मोजावं लागलं नाही. पाच आणि सात, दोघांनीही पूर्ण भाग जाणारी सर्वांत लहान संख्या पस्तीस. शाळेत तिला लसावि म्हणतात (लघुतम साधारण विभाज्य), पण ती हाताने वाजवता येते हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. पस्तीस थापांत तिचे पाचाचे सात फेरे व्हायचे आणि आईचे साताचे पाच. दोघींपैकी कोणीच चुकत नव्हतं.

तिने आईकडे पाहिलं आणि तिच्या लक्षात आलं की आई मोजतच नव्हती. ती खिडकीबाहेर पाहत होती आणि तिचा तळवा गुडघ्यावर आपोआप पडत होता, सात-सात.

"बाबा मला झोपवताना पाठीवर असंच थोपटायचे," आई म्हणाली. "मला वाटायचं, सगळेच असं थोपटतात."

कालिंदीचं डोकं मात्र संग्रहालयात पोचलं होतं. गोडबोल्याला चार-चारचं संगीत ठाऊक. त्याने ड्रमच्या पाचातली एक मात्रा काढून चार केल्या असतील आणि गिटारच्या सातात एक घालून आठ. म्हणजे दोघं सतत जुळणार. पाचातली एक गेली, म्हणजे पाचवा हिस्सा गेला. वीस मिनिटांचा पाचवा हिस्सा किती? चार मिनिटं. गिटार मात्र लांबली असणार, तर तिचं उरलेलं शेपूट त्याने छाटून टाकलं असेल. भात कच्चा राहिला तो एवढ्यामुळे.

फिरोजआजोबांनी तिची पाठ थोपटली नाही. हा अजून अंदाज आहे, ते म्हणाले. अंदाज खरा की खोटा ते कसं ठरवायचं, हे त्यांनी तिला आपल्या नोकरीतल्या उदाहरणाने समजावलं. आकाशात स्पंदक तारे असतात (भोवऱ्यासारखे फिरत ठरावीक काळाने रेडिओलहरींचा ठोका पाठवणारे तारे). पण ठोका आला की तो ताऱ्याचाच असतो असं नाही; शेजारच्या शेतातला पंपही तसा आवाज करतो. म्हणून ते पुढचा ठोका कधी येईल हे आधी सांगून ठेवत आणि मग ऐकत. फीत ताणल्याने, यंत्र अडखळल्याने जे बिघडतं ते कसंही बिघडतं. जे ठरवून केलेलं असतं ते परत येतं, आणि सांगितलेल्या ठिकाणी येतं.

सोमवारी तिघं संग्रहालयात गेली. सहीचा कागद टेबलावर तयार होता. कालिंदीने जतनला सांगितलं की मूळ फीत लाव, तुझी प्रत नको, आणि आमच्या डोळ्यांसमोर लाव.

"आपल्याला माझा संशय आहे का?"

"हो."

"ठीक आहे," जतन म्हणाला, आणि त्याने फीत कपाटातून काढली.

वाजवण्याआधी कालिंदीने आपला अंदाज सांगितला: दर पस्तीस मात्रांनी गिटारची आणि ड्रमची सम एकत्र पडेल. मग फीत फिरू लागली. फिरताना तपकिरी भुकटीचा बारीक धूर खाली सांडत होता. कालिंदी पाच मोजत होती, आई सात, आणि आज ती गॅलरीत जाऊ शकत नव्हती. पहिली भेट आली. दुसरी आली. ज्या जागा दुरुस्त प्रतीत गुळगुळीत झाल्या होत्या तिथे गाणं आता ताणलं जात होतं, सुटत होतं, वाट पाहायला लावत होतं, आणि भेटीची थाप पडली की पुन्हा मोकळं होत होतं.

जतनचे सहाही हात थांबले होते. बराच वेळ ऐकल्यावर तो म्हणाला की फरक दर वेळी तेवढाच आहे, आणि ताणलेल्या फितीचा फरक असा नसतो.

"मग हे आधी का नाही तपासलंस?" कालिंदीने विचारलं.

"दोष नसेलही, ही शक्यता मला कोणी शिकवली नव्हती."

कालिंदीने बाकीच्या दोन हजार गाण्यांच्या मूळ फितींबद्दल विचारलं. जतन म्हणाला, काहींच्या सह्या व्हायच्या आहेत, त्या शिल्लक आहेत. बाकीच्या नाहीत. फिरोजआजोबांनी चष्मा काढून पुसला. त्या गाण्यांतल्या लोकांनाही पुढची पिढी साधी, सरळ, चार-चार वाजवणारी माणसं समजणार होती, उगाच लांबण लावणारी. आणि तसं समजण्यात तिची चूकही नसणार होती.

तेवढ्यात कालिंदी दचकली. भेटीची वेळ झाली आणि गिटारची थाप पडलीच नाही. गिटार मध्येच तुटून गप्प झाली होती. घरी स्वयंपाकाच्या गडबडीत ही जागा तिने कधी नीट ऐकलीच नव्हती. ड्रम एकटेच पाच-पाच वाजत होते. तिचा अंदाज कोसळला होता.

"इथे मात्र खरोखर दोष आहे," जतन म्हणाला. "हा पुन्हा कुठेही येत नाही."

फिरोजआजोबांनी हात वर करून त्याला गप्प केलं. ड्रमच्या आवाजामागे काहीतरी बारीक ऐकू येत होतं. एक लहान मूल स्वतःशीच बडबडत होतं. मग कोणीतरी पुरुष हसला, अगदी हळू, माइकपासून दूर. ते हसणं कालिंदीने ओळखलं. आईने आधीच ओळखलं होतं.

"तू रांगत होतीस," फिरोजआजोबा आईला म्हणाले. "गिटारची वायर ओढलीस ती थेट निघून आली. अन्याने, तुझ्या बापाने, तुला उचललं, कडेवर घेतलं, वायर परत लावली. मी आपला बडवत राहिलो, म्हटलं येईल. ऐक आता."

ड्रमचे फेरे चालू होते. आई गुडघ्यावर सात मोजत राहिली, गिटार नसतानाही. आणि पुढच्या भेटीच्या मात्रेवर, एक क्षण आधी नाही की नंतर नाही, गिटार आत आली. आबा त्या सगळ्या धांदलीत, मूल कडेवर घेऊन, मनातल्या मनात मोजत राहिले होते.

फीत संपली. खोलीत फक्त रिकामं चाक फिरण्याचा आवाज येत होता. जतन म्हणाला की पाच आणि सात मात्रांच्या आवर्तनांच्या जागा तो मूळच्यासारख्या ठेवील, पण मधल्या त्या जागेचं काय करायचं? तिथे पुन्हा न येणारा दोष आहे. नियमाने तो काढायला हवा.

"राहू दे," आई म्हणाली.

"नोंद काय करू? माझ्याकडे दोनच रकाने आहेत. ठरवून केलेलं, आणि दोष."

उत्तर कालिंदीने दिलं. "तिसरा रकाना कर. एकदाच घडलेलं."

जतनने तो रकाना केला. आईने सहीचा कागद त्याच्याकडे परत सरकवला. मूळ फीत भुकटी सांडणार नाही अशा बंद डब्यात ठेवायची असं ठरलं. तसे डबे संग्रहालयात होते, फक्त कोणी आजवर मागितले नव्हते. नोंदीच्या शेवटी, पुढे कधीतरी ऐकणाऱ्यांसाठी, कालिंदीने दोन शब्द लिहायला लावले: मोजून पाहा.

पुढच्या रविवारी वीस मिनिटांची प्रत घरी आली. कालिंदीने तांदूळ टाकले आणि गाणं लावलं. मध्येच जतनचा निरोप आला. सही व्हायच्या फितींपैकी एकीत त्याला अकरा मात्रांचं आवर्तन आहे असं वाटत होतं, पण खात्री नव्हती. मोजायला कोणी येईल का? कालिंदीने कळवलं, येते, पण फीत माझ्यासमोर कपाटातून निघाली पाहिजे. त्याचं उत्तर लगेच आलं की त्याची हरकत नाही, त्यालाही आता तसंच आवडतं.

आई गॅलरीत गेली नव्हती. ओट्याला टेकून ती उभी होती आणि तिचा हात ओट्यावर हलकेच पडत होता. गिटार थांबली. ते मूल बडबडलं, तो माणूस हसला. आईचा हात थांबला नाही. सात, आणि पुन्हा सात, कोणी नसताना. मग भेटीची मात्रा आली, आणि तिची थाप आणि आबांची थाप एकत्र पडली.

गाणं संपल्यावर कालिंदीने शेगडी बंद केली आणि झाकण उचललं. भाताची शितं मऊ, मोकळी झाली होती.